पऱ्हाटीचं बोंड आणि तुझं वेळापत्रक

अगं, अंगणवाडीत रुजू झालीस आणि आधी काय केलंस, तर भिंतीवर वेळापत्रक डकवलंस! अर्धा तास गणित, अर्धा तास भाषा, मग परिसर. तीन-चार वर्षांच्या लेकराला मुंगी दिसली की ते तिच्यामागे जाणार. तुझा तास त्याच्या गावीही नसतो.

माझं ऐक. दिवाळीच्या सुमारास मोझरीच्या आसपासची पऱ्हाटी फुटलेली असते. टोपलीभर बोंडं आण (नुकती फवारणी झालेल्या शेतातली नकोत), पोरांपुढे ठेव आणि जरा गप्प बस. कोणी आतले कप्पे मोजेल. बहुतेकांत चार, एखाद्यात पाच. कोणी सरकी सोडवत बसेल. पेन्सिल धरण्याआधी बोटांना हाच व्यायाम हवा. फक्त सरकी कुणी नाकात घालत नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून बघ. ‘बाई, मले टोचलं’ म्हणत एखादी आईच्या वेचणीची गोष्ट सांगू लागली, तर तिच्या वऱ्हाडीतच सांगू दे. मध्येच शुद्ध करायला जाऊ नकोस.

मग दोन वाट्यांत पाणी घे. एकीत शेतातला कापूस टाक, दुसरीत दवाखान्यातला. दवाखान्यातला लगेच भिजून बुडेल, शेतातला तरंगत राहील. कच्च्या कापसावर मेणाचा पातळ थर असतो, म्हणून. पण हे तुझ्यापुरतं ठेव, पोरांना अंदाज बांधू दे.

मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातल्या भजनांची खंजिरी तर त्यांच्या कानातच आहे. दोन थापा, एक टाळी. तालात मोजणी आपोआप येते. म्हणून बोंडावर गाणं, बोंडाचं चित्र, बोंडाची बेरीज असं सगळं ओढूनताणून चिकटवू नकोस. त्यानं पोरंही कंटाळतात आणि तूही.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीतच होत्या. पुढे 1945 मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा अनुताई वाघ सोबतीला आल्या. महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं यांवर त्यांनी बालवाडी चालवली. पोरं येईनात, तेव्हा त्यांच्या अंगणात जाऊन शिकवलं. अंगणवाडीची कल्पना त्यातूनच आली.

‘एबीसीडी कधी लिहिणार?’ असं आया विचारतीलच. वाद घालू नकोस, एका सकाळी त्यांना पोरांच्या शेजारी बसव आणि बघू दे.

आणि हो, सोमवारी ते वेळापत्रक काढ. बोंडं घेऊन कुणाच्या तरी आजीलाच बोलाव. वेचणीतलं तिला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.