जमिनीतील पालाश मुळांपर्यंत कसा पोहोचतो?

काळ्या जमिनीत पालाश भरपूर असतो, म्हणून तो देण्याची गरज नाही, असा अनेकांचा समज आहे. परंतु एकूण पालाशापैकी ९० ते ९८ टक्के भाग खनिजांत बंदिस्त असतो व झिजेने अत्यंत सावकाश सुटतो. काही भाग चिकणमातीच्या थरांत अडकलेला असतो. तो हळूहळू मोकळा होतो. कणांवर धरलेला व पाण्यात विरघळलेला पालाश जेमतेम १ ते २ टक्के असतो. माती परीक्षणात हाच ‘उपलब्ध’ पालाश मोजतात.

मुळांनी द्रावणातील पालाश घेतला की कणांवरील पालाश त्याची जागा भरून काढतो. मात्र तो मुळांकडे ओलाव्यातूनच सरकतो, तेही काही मिलिमीटरच. त्यामुळे ताण पडल्यास परीक्षणात पालाश भरपूर असूनही पिकाच्या जुन्या पानांच्या कडा करपतात.

यासाठी परीक्षणानुसार पालाशयुक्त खत मुळांजवळ मातीआड द्यावे. हलक्या जमिनीत पालाश निचऱ्याबरोबर वाहून जातो. तेथे खत हप्त्यांनी द्यावे. धान्यपिकांनी उचललेला बहुतांश पालाश दाण्यात नव्हे, तर काडात असतो. म्हणून काड व उसाचे पाचट शेतातच आच्छादन म्हणून वापरावे. त्यामुळे पालाश परत मिळेल आणि ओलही टिकेल.