साती आसरा : जलश्रद्धा आणि तिचे हरवते स्थान

विहीर, डोह वा तलाव यांच्या काठी शेंदूर लावलेले सात तांदळे हे खानदेशासह महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारे दृश्य होय. याच साती आसरा. ‘अप्सरा’ या संस्कृत व ‘अच्छरा’ या प्राकृत शब्दाशी या नावाचे नाते जोडले जाते. तथापि लोकमानसातील आसरा स्वर्गीय नर्तकी राहिलेल्या नाहीत. त्या संतती देतात आणि कोपल्या तर ‘धरतात’ही. वात्सल्य व भय यांचे हे द्वैत त्यांना मातृदेवतांच्या पंक्तीत बसविते.

या श्रद्धेचा सर्वांत अर्थपूर्ण आविष्कार म्हणजे बाळंतिणीचे जलपूजन. सव्वा महिन्यानंतर ती विहिरीवर जाते, हळदकुंकू वाहते, ओटी भरते आणि भरली कळशी घेऊन परतते. विटाळ फिटणे व घरकामात पुनःप्रवेश करणे या दोन्ही गोष्टी येथे एकाच कृतीत घडतात. विहीर रोजच्या पाण्याची असते म्हणूनच या कृतीला अर्थ असतो.

नळ व कूपनलिका आल्या, विहिरी आटल्या वा बुजल्या. काही घरांत पूजा नळाची वा कळशीची होऊ लागली. विधीचा सांगाडा उरला. परंतु काठ, सोबतिणी आणि तेथील गाणी मागे पडली.

याउलट कानबाईचे उदाहरण पाहावे. मेहरूण हे गाव आज जळगाव शहरात सामावले आहे. तरीही श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसविलेली कानबाई सोमवारी वाजतगाजत मेहरूण तलावाकडे नेली जाते. कानबाईला तिथीचा, रोटांचा व भाऊबंदकीचा आधार आहे. पाणी तिला विसर्जनापुरते लागते. आसरांचा आधार मात्र नित्य पाणवठाच होता. म्हणून श्रद्धा ओसरली एवढेच कारण पुरेसे ठरत नाही. व्यवहार तुटला की विधी निराधार होतो, असा निष्कर्ष काढावा लागतो.

आयर्लंडमध्ये 1937 ते 1939 या काळात शाळकरी मुलांकरवी गावोगावच्या लोककथा, पवित्र विहिरी व त्यांचे आचार लिहून घेण्यात आले. आपल्या अभ्यासकांनी लोकगीते पुष्कळ संकलित केली. पण गीत कोणत्या काठावर, कोणत्या प्रसंगी, कोणी म्हटले याची नोंद अनेकदा राहून गेली. जलपूजन केलेल्या वृद्ध स्त्रिया आज आपल्यात आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्याच गावातील एका विहिरीपासून ही नोंद सुरू करावी. संहिता पुन्हा मिळू शकेल. तिचा संदर्भ सांगणारी व्यक्ती पुन्हा मिळणार नाही.