हळदीचा रंग वेगळा, वास वेगळा!

मेसच्या वरणाचा डाग पांढऱ्या शर्टवर पडला की आपण काय करतो? साबण घासतो. आणि डाग जायच्या ऐवजी चक्क लाल होतो! फर्स्ट इयरला माझा शर्ट असा लाल झाला तेव्हा मला वाटलं, गेला कामातून. याच डागाने पुढे थर्ड इयरच्या मिनी-प्रोजेक्टमध्ये आमची इज्जत वाचवली. त्याचीच ही गोष्ट, आणि त्यासोबत थोडं केमिकल इंजिनिअरिंग.

आमच्या ग्रुपचा विषय होता हळदीचं सुगंधी तेल काढणं. हळकुंडं आणली ग्रुपमधल्या वसमतच्या मित्राने. त्याच्या घरची हळद, वडिलांनी गोणीतून स्वतः निवडून दिलेली. आम्ही ५० ग्रॅम भरड पूड केली, गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये ५०० मिली पाण्यात टाकली, वर क्लेव्हेंजर आणि कंडेन्सर लावला. क्लेव्हेंजरने हे उपकरण १९२८ साली मांडलं, आणि आजही आपल्या लॅबमध्ये तेच चालतं. वाफेबरोबर तेल वर येतं, थंड झालं की खुणा असलेल्या नळीत पाण्यावर तरंगतं, आणि खालचं पाणी परत फ्लास्कमध्ये जातं.

दीड तासाने मँटल बंद केला. तेल किती? ०.३ मिली! तेही जवळजवळ पाण्यासारखं. आम्हाला अपेक्षा होती गर्द पिवळ्या तेलाची. मी पटकन बोलून गेलो, "तुझी हळद जुनी दिसते. रंगही नाही अन् तेलही नाही."

तो तेव्हा काही बोलला नाही. रात्री मेसमध्ये म्हणाला, "आमच्या घरची वर्षाची कमाई त्या गोण्यांत असते. तू ती दीड तासात नापास केलीस." मग थोडं थांबून म्हणाला, "आमच्याकडे काहिलीत हळद शिजवतात तेव्हा वास शिवारभर जातो. पण वाफ कधी पिवळी बघितलीस का?"

मी गप्प. मास ट्रान्सफरचा पेपर मी चांगल्या मार्कांनी सोडवला होता, पण हा साधा प्रश्न मला पडला नव्हता!

रंग कुठे राहिला?

हळदीचा रंग कर्क्युमिन आणि त्याच्या दोन भावंडांचा. कर्क्युमिनचा रेणू जड, मोलर वस्तुमान ३६८. ते सुमारे १८३ अंशांना वितळतं, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि वाफेबरोबर वर येत नाही. म्हणजे रंग फ्लास्कमधल्या चोथ्यातच होता. खात्री कशी करायची? इथे शर्टचा डाग आठवला. कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, म्हणून साबणाने डाग लाल होतो आणि हळदीत चुना घातला की कुंकवाचा रंग येतो. आम्ही फिल्टर पेपरवर एकीकडे तेलाचा थेंब ठेवला, दुसरीकडे चोथा, आणि दोन्हीवर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं. चोथा लाल झाला, तेल जसंच्या तसं!

वाफेचं गणित

आता तेल कमी का आलं ते पाहू. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दोघांचे वाफेचे दाब सरळ मिळवायचे. बेरीज ७६० मिमी झाली की मिश्रण उकळतं, म्हणजे १०० अंशांच्या थोडं आधीच. वाफेतलं वजनाचं प्रमाण म्हणजे दाब गुणिले मोलर वस्तुमान.

समजण्यासाठी आकडे धरू. १३६ वस्तुमानाच्या हलक्या घटकाचा दाब ७० मिमी धरला, तर १ ग्रॅम पाण्याच्या वाफेबरोबर (७० × १३६) ÷ (६९० × १८), म्हणजे सुमारे ०.७७ ग्रॅम तेल येतं. २१६ वस्तुमानाच्या जड घटकाचा दाब २ मिमी धरला, तर (२ × २१६) ÷ (७५८ × १८), म्हणजे फक्त ०.०३ ग्रॅम. जवळपास पंचवीसपट फरक! शिवाय तेल आधी हळकुंडाच्या पेशींतून बाहेर यावं लागतं, त्याला वेळ लागतो तो वेगळाच.

हळकुंडाचं तेल मुख्यतः या जड गटातलं, म्हणजे पंधरा कार्बनच्या सेस्क्विटर्पिनांचं. आम्ही दीड तासात दुकान बंद केलं, चूक आमची. दुसऱ्या वेळी पूड ताजी केली आणि सहा तास चालवलं. तेल आलं १.९ मिली, म्हणजे ३.८ टक्के. वाळलेल्या हळकुंडात साधारण २ ते ६ टक्के तेल सापडतं. वसमतची हळद पास!

कुणाच्या तेलात काय?

हळकुंड : एआर-टर्मेरोन, अल्फा-टर्मेरोन आणि बीटा-टर्मेरोन हे मुख्य, सोबत झिंजिबेरिन, कर्क्युमिन नव्हे तर एआर-कर्क्युमीन नावाचा हायड्रोकार्बन, आणि बीटा-सेस्क्विफेलँड्रिन. "एआर" म्हणजे अॅरोमॅटिक. या नावांच्या सारखेपणात व्हायवाला फसू नका.

हळदीचं पान : झाड तेच, पण तेल वेगळं! इथे दहा कार्बनचे हलके घटक, विशेषतः अल्फा-फेलँड्रिन. काही नमुन्यांत टर्पिनोलिन आणि सिनिओलही. कोकणात आणि गोव्यात पातोळ्या हळदीच्या पानात उकडतात तेव्हा घरभर सुटणारा वास या हलक्या मंडळींचा. पातोळ्यांचं भांडं म्हणजे कंडेन्सर नसलेलं स्टीम डिस्टिलेशनच!

आंबेहळद : शास्त्रीय नाव कर्क्युमा अमाडा. हिला कैरीचा वास येतो, कारण तेलात मायर्सिन आणि ऑसिमिन. आंब्याच्या वासातही हे घटक असतात.

आलं : हळदीच्याच कुळातलं. झिंजिबेरिन हे नावच आल्याच्या शास्त्रीय नावावरून आलं. सोबत लिंबासारखा वास देणारं सिट्रल.

वेलदोडा : हाही भावकीतलाच, पण त्याच्या तेलात सिनिओल आणि टर्पिनिल अॅसिटेट जास्त.

हे प्रमाण जात, जमीन, काढणी आणि साठवण यांनुसार बदलतं. म्हणून पुस्तकातली एक टक्केवारी पाठ करून ती जर्नलमध्ये ठोकू नका. आपला नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीवर चालवा, मग बोला.

यातून शिकलो काय?

रंगावरून तेल ठरत नाही आणि तेलावरून रंग ठरत नाही. बाजारात तर नुसत्या रंगावर विश्वास अजिबात नको, कारण मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट मिसळूनही हळद पिवळीधमक दिसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रीडिंग चुकलं तर आधी आपली पद्धत तपासावी, मग दुसऱ्याच्या मालाला नाव ठेवावं.

मित्राला मी सॉरी म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, "सॉरी राहू दे, रिपोर्टमध्ये हळद कुठली ते नीट लिही." रिपोर्टच्या पहिल्या पानावर आम्ही लिहिलं : नमुना, हळकुंड, वसमत. तेलाची छोटी बाटली त्याने सुट्टीत घरी नेली. वडिलांनी बूच उघडून वास घेतला आणि म्हणाले, "काहिलीचाच वास आहे की!"