छायालेखक

प्रस्तावना

चित्रपट पाहून आल्यावर आपण नायक-नायिकांविषयी, गाण्यांविषयी, संवादांविषयी भरभरून बोलतो. हे सारे ज्याच्यामुळे आपल्याला दिसले, त्या कलावंताचे नाव मात्र क्वचितच आठवते. या पाठात त्याच्या कार्याचा परिचय करून घेऊ या.

मूळ पाठ

‘छायालेखक’ या शब्दातच त्याच्या कलेचे मर्म आहे. लेखक शब्दांनी लिहितो, तर छायालेखक उजेड आणि सावली यांनी. केवळ कॅमेरा चालवणे हे त्याचे काम नव्हे. कॅमेरा कोठे ठेवावा, कोणते भिंग वापरावे, चौकटीत काय घ्यावे आणि काय वगळावे, प्रकाश कोणत्या दिशेने व किती यावा, हे तो दिग्दर्शकाशी विचारविनिमय करून ठरवतो. एखाद्या पात्राकडे कॅमेऱ्याने खालून पाहिले तर ते भव्य भासते. तेच वरून पाहिले तर एकाकी वाटू शकते. म्हणजे निर्णय तंत्राचा असला तरी परिणाम भावनेवर होतो.

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाचे छायालेखन त्र्यंबक तेलंग यांनी केले. त्या काळी चित्रीकरण मुख्यतः सूर्यप्रकाशावर अवलंबून असे. पुढे स्टुडिओत विजेचे प्रखर दिवे आले. सोय झाली, परंतु दिव्यांचा हा उजेड खरा कसा वाटावा, हा नवा प्रश्न उभा राहिला.

सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटात हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. कथेतील कुटुंब काशीतील एका जुन्या घरात राहते. अशा घरात मध्यभागी मोकळा चौक असतो आणि आकाशाचा सौम्य उजेड वरून झिरपतो. चित्रीकरणासाठी हे घर स्टुडिओत उभारले होते. दिवे थेट रोखले असते, तर माणसांच्या ठळक सावल्या भिंतींवर पडल्या असत्या आणि काशीचा भास तेथेच संपला असता. विशीतले छायालेखक सुब्रत मित्र यांनी चौकावर पांढरे कापड ताणून बसवले आणि दिव्यांचे झोत त्यावर टाकले. कापडावरून परतणारा मऊ उजेड चौकात पसरला. त्या घरातले दारिद्र्य आणि दुःख प्रेक्षकाला खरे वाटले, त्यात या उजेडाचा वाटा मोठा होता.

गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ (१९५९) या चित्रपटाची गरज नेमकी उलट होती. ओस पडलेल्या स्टुडिओत नायक-नायिका समोरासमोर आहेत. दोघांतील अंतर मिटणारे नाही. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांच्या साहाय्याने बाहेरचे ऊन आत वळवले. काळोख चिरत उतरणारा तो झोत शब्दांवाचून दोघांची व्यथा सांगून जातो.

एकाने कापड वापरले, दुसऱ्याने आरसे. एकाला सावल्या नकोशा होत्या, दुसऱ्याला काळोखच हवा होता. तरीही दोघांनी स्वतःला एकच प्रश्न विचारला होता : या प्रसंगाचे सत्य कोणत्या उजेडात दिसेल? आज फिल्मच्या जागी बहुधा डिजिटल कॅमेरा आला आहे. साधने बदलली, हा प्रश्न बदललेला नाही.

मूर्ती यांना २००८ या वर्षाचा दादासाहेब फाळके पुरस्कार देण्यात आला. तो मिळवणारे ते पहिले छायालेखक होत. पडद्यामागे राहून इतरांना उजेडात आणणाऱ्या एका कलेचाच तो गौरव होता.

शब्दार्थ

मर्म : गाभा, मुख्य अर्थ
झिरपणे : हळूहळू आत येणे
ओस : निर्जन

स्वाध्याय

१. ‘निर्णय तंत्राचा असला तरी परिणाम भावनेवर होतो’ हे विधान पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
२. सुब्रत मित्र आणि व्ही. के. मूर्ती यांच्या प्रकाशयोजनेतील साम्य व भेद लिहा.
३. तुमच्या घरातील एका खोलीत सकाळी, दुपारी व सायंकाळी पडणाऱ्या उजेडाचे निरीक्षण करा. त्यामुळे खोली कशी वेगवेगळी भासते, ते आठ ते दहा ओळींत लिहा.