पित्ताशयाशिवाय शरीर कसे चालते?

पचनसंस्थेचा पाठ आला की मुले यकृत, स्वादुपिंड, पित्ताशय ही नावे भराभर पाठ करतात. पण आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या वर्गात एखादा हात हमखास वर येतो, "आईची पित्ताची पिशवी काढली. मग आता तिचं जेवण पचतं कसं?" प्रश्न पुस्तकातला नाही, घरातला आहे. उत्तर नीटच द्यायला हवं.

आधी शब्दाचा घोटाळा सोडवू. छातीत जळजळलं, आंबट ढेकर आले की आपण "पित्त झालं" म्हणतो. ते जठरातलं आम्ल. पित्तरस वेगळा, हिरवट-पिवळा आणि कडू. कोंबडी साफ करताना काळजाला चिकटलेली हिरवी पिशवी घरात जपून काढतात, कारण ती फुटली तर मटण कडू होतं. तेच पित्ताशय. म्हणूनच "पिशवी काढली तरी पित्त होतंच" ही तक्रार ऐकू येते. आम्लाचा त्रास त्या ऑपरेशनने जाणार कसा?

आता मुख्य मुद्दा. पित्तरस पित्ताशयात तयार होत नाही, यकृतात होतो. दिवसाला साधारण अर्धा ते एक लीटर. पिशवीत मावतो जेमतेम ३० ते ५० मिलिलीटर. आपलं तानसा धरण आठवा. धरण नदी तयार करत नाही, पाणी अडवतं आणि लागेल तेव्हा सोडतं. पित्ताशयही रस साठवतं, दाट करतं आणि तेलकट जेवण आलं की लहान आतड्यात सोडतं. पिशवी काढली की रस यकृतातून नळीवाटे थेट आतड्यात थोडा थोडा झिरपत राहतो. पचन चालू राहतं. घोडा, कबूतर, जंगलातलं सांबर, भेकर यांना तर पित्ताशय जन्मतःच नसतं!

"मग नुसते खडेच का काढत नाहीत?" हाही चांगला प्रश्न. खडे त्या पिशवीतच बनतात, ती ठेवली तर पुन्हा होऊ शकतात. आणि हा मुतखडा नव्हे. लघवीवाटे तो पडत नाही, त्यामुळे मुतखड्याचा काढा इथे उपयोगाचा नाही.

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १८८२ मध्ये बर्लिनला कार्ल लांगेनबुख यांनी केली. भारतात दुर्बिणीने ती १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहमटन उडवाडिया यांनी केली. आता पोटावर बहुधा चार लहान छिद्रं पाडून काम होतं. पोट फुगवायला वायू भरतात, म्हणून नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. पोटाचं ऑपरेशन आणि दुखतो खांदा, घरचे घाबरतात.

घरी आल्यावर सुरुवातीला काहींना पातळ शौचाला होते. एका वेळी भरपेट तळलेलं झेपत नाही, थोडं थोडं खावं. भात, वरण, नाचणीची भाकरी चालते. तेल कायमचं बंद करायची गरज सहसा नसते, हळूहळू वाढवावं. डोक्यावर हंडा, लाकडाची मोळी, आवणीचं वाकून काम मात्र डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे नाही. बायकांच्या बाबतीत हेच पाळलं जात नाही. जखमा लहान दिसतात, म्हणून चौथ्या दिवशी पाणी भरायला पाठवतात.

डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, थंडी वाजून ताप आला किंवा पोटात जोराची कळ आली, तर गावठी औषधात दिवस न घालवता दवाखाना गाठावा. कधी कधी एखादा खडा नळीत राहिलेला असतो.