लोहगडाची चढण

मुलांनो, आकुर्डीच्या रेल्वे स्थानकावर उभे राहून लोणावळ्याकडे जाणारे रूळ पाहा. ते सह्याद्रीच्या दिशेने गेलेले दिसतात. त्या वाटेने निघालेली लोकल गाडी देहूरोड, तळेगाव, कामशेत अशी स्थानके मागे टाकीत सुमारे तासाभरात मळवलीस पोहोचते. तेथे उतरून दक्षिणेकडे दृष्टी टाकली, की दोन डोंगर शेजारी शेजारी उभे दिसतात. त्यांतील एक विसापूर आणि दुसरा लोहगड.

सह्याद्री हा आपल्या पश्चिम किनाऱ्याचा पाठीराखा होय. समुद्रावरून येणारे पावसाळी वारे तो अडवतो. म्हणून त्याच्या माथ्यावर पाऊस धो धो कोसळतो आणि पूर्वेकडे जावे तसा कमी होत जातो. या पर्वताचा दगड काळा व कठीण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातील शिलारस भेगांवाटे बाहेर आला, जमिनीवर पसरला आणि निवून घट्ट झाला. असे थरांवर थर साचले. या खडकास बेसॉल्ट म्हणतात. तमिळनाडूतील जिंजीच्या किल्ल्याच्या टेकड्या मात्र ग्रॅनाइटच्या आहेत. ग्रॅनाइट हाही शिलारसापासूनच बनतो. परंतु तो जमिनीखाली खोलवर अतिशय सावकाश निवतो. म्हणून त्याचे कण मोठे असतात व डोळ्यांना सहज दिसतात. बेसॉल्टचे कण इतके बारीक, की ते नुसत्या डोळ्यांनी सहसा ओळखू येत नाहीत. लोहगड व जिंजी यांचे पाषाण निराळे. तरी मराठ्यांच्या इतिहासात दोहोंनाही मानाचे स्थान आहे. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले, त्यांत हे दोन्ही आहेत.

मी मुख्याध्यापक असताना एके वर्षी सातवीच्या अठ्ठावीस मुलांना घेऊन लोहगडावर गेलो. भाद्रपद सरत आला होता. पावसाचा जोर ओसरला होता. तरी डोंगर अजून ओलेच होते. भाजे गावातून एक वृद्ध गृहस्थ वाट दाखवावयास आमच्याबरोबर आले. मुले त्यांना ‘बाबा’ म्हणू लागली. भाज्याची प्राचीन लेणी डाव्या हातास ठेवून आम्ही चढू लागलो. प्रथम सर्वांच्या तोंडी गाणी होती. अर्ध्या तासाने गाणी थांबली आणि केवळ श्वासांचा आवाज उरला. बाबा मात्र एका लयीत चालत होते. ते म्हणाले, “पोरांनो, डोंगर पळत चढायचा नसतो. दम राखून चालावं.”

लोहगड व विसापूर यांमधील गायमुख खिंड ओलांडून आम्ही लोहगडवाडीस आलो. तेथून पायऱ्यांची वाट लागते. गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक येतात. वाट अशी वळणे घेत जाते, की खालून येणारा शत्रू वरच्या तटावरून सतत दिसावा. छत्रपती शिवाजी महाराजांनी हा गड स्वराज्यात आणला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० साली मराठ्यांनी तो पुन्हा जिंकून घेतला. पायऱ्या चढताना मी ही हकीकत सांगितली, तेव्हा मुलांचा थकवा पळाला.

गडाच्या पश्चिम अंगास डोंगराची एक अरुंद सोंड सुमारे दीड किलोमीटर लांब गेली आहे. विंचवाने नांगी ताणावी तशी ती दिसते. म्हणून तिचे नाव विंचूकाटा. तेथे जाण्यासाठी एक लहानसा कातळटप्पा उतरावा लागतो. मुलांना विंचूकाट्याच्या टोकापर्यंत नेण्याचे वचन मी वर्गातच देऊन बसलो होतो. माथ्यावरील सोळाकोनी तलाव पाहून आम्ही त्या बाजूस वळलो. तोच पश्चिमेकडून ढगांची एक रांग सरसर वर आली.

बाबा थबकले. म्हणाले, “गुरुजी, आता पुढं नको. ढग उतरला, की पायाखालची वाट दिसायची नाही.”

मी घुटमळलो. टोक अगदी समोर दिसत होते. मुलांचे चेहरे उतरले होते. “सर, एवढं जवळ आलोय. चला ना!” असा आग्रह चालला होता. दिलेले वचन मोडावे, असे मला वाटेना. या विचारात काही क्षण गेले आणि तेवढ्यात आम्ही पांढऱ्या धुक्याने वेढले गेलो. दहा पावलांवरचा माणूस दिसेना. मी मुलांना एकमेकांचे हात धरावयास सांगितले व मोजू लागलो. सत्तावीस! पुन्हा मोजले. सत्तावीसच!

सर्वांत चपळ असा एक मुलगा पुढे निघून गेला होता. माझ्या पायांतील बळ गेले. मी त्याच दिशेने धावणार, तोच बाबांनी माझा दंड धरला. ते म्हणाले, “तुम्ही गेलात, तर या पोरांना कोण बघेल? इथंच थांबा.” मग त्यांनी तोंडाशी हात धरून लांब कुकारा घातला. काही वेळाने खालून क्षीण आवाज आला. बाबा ओरडले, “आहेस तिथंच खाली बस! पाऊल टाकू नकोस! बोलत राहा!”

त्या मुलाने पाढे म्हणण्यास सुरुवात केली. धुक्यातून त्याचे शब्द येत होते, “सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस...” बाबा त्या आवाजाच्या रोखाने कातळ चाचपीत उतरले. एकोणीसचा पाढा चालू असताना ते दोघे वर आले. कातळटप्पा उतरल्यावर धुके दाटले, तेव्हा तो मुलगा कड्यापासून चार हातांवर होता. बसून राहण्याची आज्ञा त्याने पाळली, म्हणून तो वाचला.

माघारी फिरताना कोणी बोलत नव्हते. तो मुलगा रडवेला होऊन मला म्हणाला, “सर, माझ्यामुळं सगळ्यांचं टोक राहिलं.” मी त्याला म्हणालो, “नाही रे. ढग दिसताच मी मागे वळायला हवे होते. चूक तुझी आहे, पण आधी माझी आहे.” बाबा पुढे चालत होते. मागे न पाहताच ते म्हणाले, “गड कुठं जातोय? थंडीत या.”

आम्ही मार्गशीर्षात पुन्हा गेलो. आकाश निरभ्र होते. कातळटप्प्यापाशी मुलांची मोजणी करण्याचे काम त्याच मुलाने मागून घेतले. तो सर्वांच्या शेवटी उतरला. विंचूकाट्याच्या टोकावरून दक्षिणेस पवना धरणाचा जलाशय चकाकताना दिसला. त्यापलीकडे तुंग व तिकोना हे गड दिसले. उत्तरेस इंद्रायणीचे खोरे पसरले होते. लोहगडाच्या एका उतारावरचे पाणी पवनेस मिळते, तर दुसऱ्या उतारावरचे इंद्रायणीस. “मुलांनो, पवनेचे पाणी रावेत येथे उचलतात, निगडीस शुद्ध करतात आणि तेच आपल्या नळांना येते,” असे मी सांगताच मुले जलाशयाकडे निराळ्याच दृष्टीने पाहू लागली.

मुलांनो, शिखर गाठण्यास धैर्य लागते, हे खरेच. परंतु शिखर समोर दिसत असताना माघारी वळण्यास त्याहून मोठे धैर्य लागते. जो डोंगर कोट्यवधी वर्षे उभा आहे, तो आणखी तीन महिने आपली वाट पाहू शकतो. गेलेला माणूस मात्र परत येत नाही.

स्वाध्याय

१. बेसॉल्ट व ग्रॅनाइट या खडकांत कोणता फरक आहे?
२. बाबांनी गुरुजींना धुक्यात का जाऊ दिले नाही?
३. “चूक तुझी आहे, पण आधी माझी आहे,” असे गुरुजी का म्हणाले?
४. दुसऱ्या सहलीत त्या मुलाने कोणते काम मागून घेतले? त्यावरून त्याच्या स्वभावात कोणता बदल झालेला दिसतो?
५. वाक्यांत उपयोग करा : घुटमळणे, दम राखणे, माघारी फिरणे.