पाण्यातला व्यायाम : पैसे नेमके कशाचे मोजायचे?

गुडघे दुखणाऱ्याला ‘पाण्यात चाला’ असे सांगतात, त्याला कारण आहे. कमरेइतक्या पाण्यात अंगाचा भार जवळपास निम्मा होतो, छातीइतक्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश उरतो. सांध्यावरचा ताण घटतो आणि पाणी कापत चालताना स्नायूंनाही काम मिळते. कर्जत-खालापुरात स्विमिंग पूल असलेली रिसॉर्ट आणि फार्महाउस भरपूर आहेत. पण प्रत्येक पूल उपचाराचा नसतो.

रिसॉर्ट : एकदिवसीय पॅकेजमध्ये सहसा जेवणखाणही धरलेले असते. नुसता पूल हवा असेल तर शनिवार-रविवार वगळून महिन्याचा दर विचारा. पाण्याचे तापमानही विचारा. पोहण्याला 26 ते 28 अंश सेल्सिअस पुरते. आखडलेल्या सांध्यांच्या उपचाराला 33 ते 35 अंश लागते.

फिजिओथेरपिस्ट : शस्त्रक्रिया किंवा पक्षाघातानंतर इथे काटकसर नको. दर सत्राचा की तासाचा, पुलाचे शुल्क त्यातच का, फिजिओथेरपिस्ट स्वतः पाण्यात उतरतो का आणि चुकलेल्या सत्राचे पैसे बुडतात का, हे लेखी घ्या.

निसर्गोपचार : कटिस्नानासारखे जलोपचार हवे असतील तर घाट चढून लोणावळ्याचे कैवल्यधाम (स्थापना 1924) किंवा पुण्यातली केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था. उपचाराच्या दरात राहण्याचा आणि प्रवासाचा खर्च मिळवूनच तुलना करा.

उन्हेरे : पालीजवळच्या गरम पाण्याच्या कुंडांसाठी मुख्य खर्च प्रवासाचा. शेकाने तात्पुरता आराम पडतो. व्यायामाची जागा तो घेत नाही.

नदी : फुकट असली तरी नको. पेज आणि पाताळगंगेत वीजगृहांतून सुटणारे पाणी येते, त्यामुळे पातळी बदलत राहते.

कर : आरोग्य उपचारांवर जीएसटी नाही. जिम, योगवर्ग अशा सेवांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आहे. मुक्कामाच्या खोलीवर रोज 7,500 रुपयांपर्यंतच्या भाड्याला 5 टक्के, त्यापुढे 18 टक्के. बिल मागून घ्याच.

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, फिट्स किंवा उघडी जखम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

फसवणूक झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क लागत नाही. महिन्याचे पैसे एकदम भरू नका. आधी एका सत्राचे द्या, दुसऱ्या दिवशी सांधा काय म्हणतो ते पाहा, मगच पुढचे ठरवा.